न पाहिलेल्या नोंदींवर माझं नाव

निमे, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही.

तुझ्या संशोधन केंद्राच्या सभागृहात मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, तुझ्या नवऱ्याच्या, विलासरावांच्या शेजारी. संचालक सर माझ्याकडे बघून खुणा करत होते, शेवटी त्यांनी माइक देऊन तुझ्या हाताखालच्या मेघालाच पाठवलं. मी नाही म्हणून मान हलवली. मागून कोणीतरी कुजबुजलं, "राहू द्या, त्यांच्यानं न्हाई बोलवायचं. जिवाभावाची मैत्रीण होती." बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवले, चहा आला तोही सगळ्यांच्या आधी मला दिला. मला गहिवरून आलंय असं सगळ्यांना वाटत होतं. मला गहिवरून वगैरे काही आलं नव्हतं. मी चिडले होते. समोर तुझा हार घातलेला फोटो, त्यात तू नेहमीसारखी ओठ दाबून हसतेयस, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की ही बया माझ्या नावाने खोटं बोलून गेली आणि आता भांडायलासुद्धा सापडणार नाही.

एक वक्ते म्हणाले, "मॅडमनी एकही नोंद न तपासता पुढे जाऊ दिली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी फरशीकडे बघत बसले.

तुझ्या पदव्या, तुझे परदेशातले दिवस, तुला मिळालेले मान, हे सगळं सभागृहाबाहेरच्या फलकावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. ज्याला हवं त्याने तिथे वाचावं. मला तुझ्याशी बोलायचंय ते वेगळं आहे, आणि ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं म्हणून तेव्हा गप्प राहिले. आता बोलते. मध्ये तोंड घालायची तुझी सवय होती, ती तेवढी आता चालणार नाही.

तू बोरीची, मी जिंतूरची. परभणीला कॉलेजात जायला आपली एसटी एकच. मी आधी बसायची आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून तुझी जागा धरायची. बोरीला गाडी थांबली की दाराशी ही झुंबड. मग एखादी म्हातारी रुमाल उचलून बसायला लागली की मी तिच्याशी भांडायची, आणि तू शेवटी चढून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने येऊन बसायचीस. "शोभे, तुजं तोंड लय चांगलं चालतंय," म्हणायचीस, आणि पिशवीतून धपाट्यांचा डबा काढायचीस. तुझ्या वाटणीचं भांडण मी करायचं, ही वहिवाट तेव्हापासूनची.

पुढे तू पुण्याला गेलीस, तिथून परदेशात. मी जिंतूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले आणि तिथेच मुरले. तू परत आलीस तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. एवढं शिकून परभणीत? पण तू आलीस आणि पहिला फोन मला केलास.

"शोभे, एक डेटाबेस उभा करायचाय. आपल्याकडच्या पिकांच्या प्रोटीनचा. जवारी, करडई, तूर. तू ये."

"मला कॉम्प्युटर चालू-बंद करता येतो, तेवढाच."

"कॉम्प्युटर मी बगते. तू वाच. तुज्यासारखं खवट वाचणारं माणूस पायजे मला."

खवट. ही माझी नेमणूक.

हे काम काय होतं ते बाहेरच्यांना कधी नीट कळलं नाही. शोकसभेतही एकाने "बियाण्यांचा डेटाबेस" म्हटलं. म्हणून जरा सांगते. पिकाच्या पेशीत हजारो प्रकारची प्रोटीनं असतात आणि प्रत्येकाचं काही काम असतं. कोणी मुळाला पाणी ओढायला मदत करतं, कोणी ऊन सोसायला. आता नवनवीन प्रोटीनांची अक्षरमाळ यंत्रावर भराभर वाचता येते, पण ते काम काय करतं हे माळ वाचून कळत नाही. मग कॉम्प्युटर काय करतो, ती माळ जुन्या, ओळखीच्या माळांशेजारी ठेवून बघतो आणि सांगतो, हे त्याच्यासारखं दिसतंय, म्हणजे बहुधा कामही तेच करत असेल. बहुधा. हा झाला अंदाज. दुसरा डेटाबेस तो अंदाज उचलतो, तिसरा दुसऱ्याकडून घेतो, आणि वाटेत तो "बहुधा" कुठेतरी गळून पडतो. शेवटी उरते ती छापील खात्री.

तुला या गोष्टीची चीड होती, आणि त्या चिडीचं मूळ बोरीत होतं. तुझ्या थोरल्या बहिणीला, सुमनताईला, एक स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत मोठा साहेब आहे असं आत्या सांगत होती, मामा सांगत होते, शेजारचे सांगत होते. सुपारी फुटायची बाकी होती. तुझ्या अप्पांनी सगळ्यांना बैठकीत बसवलं आणि एकच प्रश्न विचारला, "कुनी बगून आलंय का?" आत्याने मामांकडे बघितलं, मामांनी शेजाऱ्याकडे. "मंग कशाची सोयरीक?" म्हणून अप्पा स्वतः एसटीत बसून गेले, आणि त्या कंपनीच्या फाटकावर त्यांना कळलं की या नावाचा माणूस तिथे कधीच नव्हता.

म्हणून आपल्या डेटाबेसात प्रत्येक नोंदीला तू दोन खण ठेवलेस. जगासाठी त्यांना इंग्रजी नावं होती, आपल्या दोघींत ती "बघून आलेली" आणि "ऐकीव" अशीच राहिली. कोणीतरी प्रत्यक्ष प्रयोग केला, तो पेपरात छापला, आणि तो पेपर आपल्यापैकी एकीने अथपासून इतिपर्यंत वाचला, तर ती नोंद बघून आलेली. मग वाचणारीने आपलं नाव खाली टाकायचं. बाकी सगळं ऐकीव. ऐकिवाला बंदी नव्हती, फक्त तिने ऐकीव म्हणून राहायचं. "ज्यानं बगितलं त्यानंच नाव टाकायचं," हे तू नव्या येणाऱ्या प्रत्येक पोरीला पहिल्या दिवशी सांगायचीस, एवढ्या वेळा की मेघा तुझी नक्कल करायची.

रविवार आपला. मी सकाळच्या गाडीने परभणीला यायची, तू यंत्रापाशी, मी खिडकीजवळ कागदांचा ढीग घेऊन. करडईच्या त्या प्रोटीनचा दिवस मला आठवतो. तीन मोठ्या डेटाबेसात त्याचं काम छातीठोकपणे दिलेलं. आपण माग काढत गेलो. पहिल्याने दुसऱ्याचा हवाला दिलेला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याने कोणाचा? आपला! आपण फार पूर्वी ऐकीव म्हणून लिहिलेली ओळ जगभर हिंडून, साहेब होऊन परत आली होती. "फिरून फिरून भोपळे चौकात," मी म्हटलं, आणि तू हसता हसता खुर्चीवरून खाली घसरलीस. नंतर मात्र त्याच दुपारी तू पत्रं लिहायला बसलीस. त्या तिन्ही ठिकाणी स्वतः कळवलंस आणि त्यांनी चूक सुधारेपर्यंत पाठपुरावा सोडला नाहीस.

आणि बाजरीचं भांडण? एक पेपर मी पूर्ण वाचला होता, प्रयोग चोख होता, मी बघून आलेली म्हणून नाव टाकलं. तू ती नोंद सगळ्या पोरींसमोर खोडलीस. का, तर प्रयोग बाजरीत होता आणि नोंद ज्वारीची.

"अगं, बाजरी-जवारी सख्ख्या चुलत बहिणी. प्रोटीनमध्ये दोन अक्षरांचा फरक."

"चुलत भाऊ बगून नवरा कळतो का?"

"निमे, अति करायलीस."

"अति तर अति. जवारीत कुनी बगितलं? न्हाई ना? मंग ऐकीव."

मी डबा न उघडता परत गेले. कित्येक रविवार आले नाही. माझं अजूनही मत आहे की तेव्हा तू फाजील कडक होतीस, जगात कोणी एवढी काटेकोर चाळणी लावत नाही. पण मी परत आले, कारण मला मनातून ते आवडलं होतं. एक बाई अशी होती जिच्याकडे खोटं चालत नव्हतं. संचालक सरांच्या स्वतःच्या पेपरावरची नोंद तू ऐकीव ठेवलीस, ते तोंड फुगवून बसले तरी बदलली नाहीस. मी जिंतूरला स्टाफरूममध्ये ही गोष्ट दहादा मीठमसाला लावून सांगितली. तुझा अभिमान मिरवायची सवयच लागली होती मला.

आता सांग, मी त्या बाईला कुठे शोधू?

गेल्या वर्षी तू वाळायला लागलीस. मी विचारलं तर म्हणालीस, ॲसिडिटी. मग रविवार गळायला लागले. "या रविवारी नको, पाव्हणे येयलेत." "या रविवारी विलासच्या गावाकडं चाललोत." मला वाटलं, बरं आहे, आयुष्यभर नवऱ्याला वेळ दिला नाही, आता देतेय. तू मात्र घरी बसून यंत्र उघडून माझं नाव लिहीत होतीस.

मला कळलं ते एका मुलीच्या फोनवरून. सोलापूरकडची, सविता नावाची, पीएचडी करणारी. अदबीने बोलत होती. "मॅडम, करडईच्या एका नोंदीवर तुमचं नाव आहे. पाणी कमी पडलं की हे प्रोटीन मुळात वाढतं, आणि ते प्रयोगात पाहिलेलं आहे, असं लिहिलंय. मी दोन हंगाम रोपं लावली, पाणी तोडलं, पण मला तसं काहीच दिसत नाहीये. माझंच काही चुकत असेल. तुम्ही कुठला पेपर पाहिला होता?"

"बघून सांगते" म्हणून मी फोन ठेवला. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नोंद उघडली. त्या प्रोटीनचं नावसुद्धा मी कधी ऐकलं नव्हतं. खाली माझं नाव होतं. पुढची नोंद उघडली, तिथेही मी. तिच्या पुढची, तिच्याही पुढची. पानं उलटत गेले तर जिकडेतिकडे मीच सगळं बघून आलेली. ज्या रविवारी तुझ्याकडे पाव्हणे होते, त्या रविवारच्या तर ओळीने.

मला काय वाटलं असेल? कोणीतरी पासवर्ड चोरला असं वाटलं. मेघाला फोन करून मी तिच्यावर ओरडले. ती बिचारी ऐकून घेत राहिली आणि मग बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, ते बाहेरून न्हाई झालेलं. निर्मला मॅडमच्या लॉगिनमधून झालंय." मी तिलाच खोटी ठरवली. म्हटलं, तुला कळतंय का तू कोणाबद्दल बोलतेयस?

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दारात. विलासरावांनी दार उघडलं. त्यांचा चेहरा बघून मी विचारलं, "काय झालं?" तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, तुमाला माहीत न्हाई? निमा म्हणली, शोभाला सगळं सांगितलंय." उंबऱ्यात उभी असताना मला तुझा आजार कळला, त्याचं नाव कळलं, आणि आता इलाज उरलेला नाही हेही तिथेच कळलं. एका दारात दोन फसवणुकी, निमे. कुठल्यासाठी आधी रडावं ते मला समजेना, म्हणून मी रडलेच नाही.

तू पडवीत आरामखुर्चीत होतीस, भर उन्हाळ्यात अंगावर शाल. मला बघून तुला समजलं. तू हुशारच.

"तू केलंस?"

"हाव."

"कामून?"

"पाहणी करायला बाहेरचे लोक येनार होते. ऐकीव लय राहिल्या होत्या. पुढचं अनुदान मंजूर झालं नसतं तर डेटाबेस बंद पडला असता. मेघा, त्या पोरी, सगळ्या घरी. आन् माज्याकडं वेळ न्हाई."

"मग तुझं नाव टाकायचं होतं. माझं कामून?"

 मला वाटलं, आता हिची मान खाली जाईल. नाही गेली. "माज्या नावाला कोन विचारतंय? डेटाबेस माजाच हाय. दुसऱ्या कुनी तपासलं असं दाखवावं लागतं. आन् तुज्या नावावर लोकांचा भरोसा हाय."

"म्हणून विकलास?"

"विकला न्हाई. वापरला."

"न विचारता."

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस."

"म्हणलेच असते! त्यालाच विचारणं म्हणतात, निमे. समोरचा नाही म्हणू शकतो त्याला."

तू डोळे मिटलेस. मी आजाराचं विचारलं, तर म्हणालीस, "तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस. काम राहिलं असतं." मी! जिने तुझ्या जागेसाठी अर्ध्या जिंतूर तालुक्याशी भांडण काढलं, ती रडत बसली असती! एवढंच ओळखलंस मला? मला सांगितलं असतंस तर मी बिनपगारी रजा टाकून तुझ्या पडवीत मुक्काम ठोकला असता. कॉलेजच्या चार जणींना कामाला लावलं असतं. सगळ्या नोंदी झाल्या नसत्या, नसत्या झाल्या. जेवढ्या झाल्या असत्या तेवढ्या खऱ्या झाल्या असत्या, आणि पाहणीच्या लोकांपुढे मी उभी राहून सांगितलं असतं की एवढंच आहे आणि हे एवढं पक्कं आहे. भांडणाचं खातं तर माझ्याकडेच होतं.

"भाकर खाऊन जा," तू म्हणालीस. मी खाल्ली नाही. उठले आणि एसटी स्टँडवर गेले. लोकांना वाटेल आता मला त्याचं वाईट वाटत असेल. नाही वाटत. मी पुढच्या रविवारी पुन्हा येणार होते, वाटेवर सगळे मुद्दे पाठ करत. तुझी नेहमीची सबब कुठली असेल आणि तिला काय उत्तर द्यायचं तेसुद्धा ठरलं होतं. शुक्रवारी विलासरावांचा फोन आला.

मुद्दे अजून माझ्याकडेच आहेत. त्यांचं काय करू?

आता लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मीही तेच म्हणायची. आणि मला तुझ्याबद्दल चांगलं काय काय माहीत आहे ते त्या फलकाला काय कळणार? जिंतूरसारख्या गावात तीच ती पाठ्यपुस्तकं शिकवून मी निवृत्त झाले असते. तुझ्यामुळे माझं वाचन कुठकुठल्या संशोधनाखाली पायासारखं बसलं. परदेशातला एखादा माणूस पत्रात लिहायचा, "ही नोंद शोभा यांनी तपासली असेल तर प्रश्नच नाही," आणि तू ते मोठ्याने वाचून दाखवायचीस, सगळ्या पोरींना ऐकवायचीस. माझं हे नाव तू घडवलंस. एकेक नोंद खोडून, भांडून, माझा डबा बंद ठेवायला लावून घडवलंस. कोणी परक्याने ते वापरलं असतं तर मी त्याला चोर म्हणून मोकळी झाले असते. तुला काय म्हणू? ज्या बाईने मला भरोसा म्हणजे काय ते शिकवलं, तीच तो काढून घेऊन गेली. बेइमान हा शब्द तोंडाशी येतो, आणि मागोमाग तुझी ती शाल आठवते, आणि शब्द गिळता येत नाही की थुंकता येत नाही.

सविताला मी खरं सांगितलं. तू गेल्यावर चार-पाच दिवसांनी फोन केला. म्हटलं, बाळा, ती नोंद मी पाहिलेली नव्हती, तो नुसता अंदाज होता, तुझी रोपं बरोबर आहेत.  "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?" म्हणाली. मग म्हणाली, "मॅडम, निर्मला मॅडमचं एक व्याख्यान ऐकून मी या विषयात आले होते." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर गेले आणि संचालक सरांना सगळं सांगितलं. ते ऐकून आधी दार लावून आले. "शोभाताई, झालं ते झालं. हळूहळू दुरुस्त करू, गाजावाजा नको. डेटाबेसला तिचं नाव द्यायचं आमच्या मनात आहे. अशा वेळी हे बाहेर गेलं तर नावही जाईल आणि पुढची मंजुरीही." वाईट माणूस नाही तो. मेघा आणि तिच्या मैत्रिणींच्या नोकऱ्या त्याच्या डोक्यावर आहेत, तुझ्याही डोक्यावर होत्या. मी म्हटलं, "सर, हळूहळू म्हणजे किती सविता?"  त्यांनी हो म्हटलं नाही, पण मला अडवलंही नाही.

विलासरावांनाही सांगणं भाग होतं. फोनवर सांगितलं. "लिव्हायलाच पायजे का, ताई?" ते म्हणाले. मी म्हटलं, पायजे. "तिला जाऊन अजून महिनाबी न्हाई झाला."  त्यांनी फोन ठेवला, आणि अजून त्यांचा फोन आलेला नाही. दिवाळीला त्यांच्या घरचा फराळ यायचा, तो आता येईल असं वाटत नाही.

मग मेघाशेजारी खुर्ची ओढून बसले. तुझीच व्यवस्था: बघून आलेली नोंद ऐकीव करायची तर कारण लिहावं लागतं, आणि ते कारण जगात कोणालाही वाचता येतं. चौकट उघडली. मेघाने विचारलं, "मॅडम, तांत्रिक चूक असं लिव्हू? सगळ्यांना एकदाच लावता येईल." तिचे डोळे भरलेले होते. तीही तुझीच पोरगी. तांत्रिक चूक. किती सोयीचा शब्द आहे बघ. यंत्राने केलं म्हणायचं, कोणी माणूस तिथे नव्हतंच म्हणायचं. तेवढ्या दोन शब्दांत तू वाचली असतीस, मंजुरी वाचली असती, माझा फराळही वाचला असता.

"सरक," मी म्हटलं, आणि स्वतः लिहिलं. "ही नोंद मी तपासलेली नव्हती. डॉ. निर्मला यांनी ती माझ्या नावाने तपासलेली दाखवली. प्रयोगाचा पुरावा मिळेपर्यंत हा अंदाज समजावा." खाली माझं नाव.  मग मेघाने ते कारण सगळ्या नोंदींना लावलं. पडद्यावर एकेक नोंद ऐकीव होत गेली आणि आम्ही दोघी ते बघत बसलो. वाटलं होतं, मोकळं वाटेल. अजिबात वाटलं नाही. तुला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं.

आता मंजुरी येईल का, डेटाबेसला तुझं नाव लागेल का, मला माहीत नाही. मी मात्र रविवारची गाडी पुन्हा धरलीय. ऐकीव करून थांबायचं हे काही तू शिकवलं नव्हतंस. खिडकीजवळ ढीग घेऊन बसले, मेघा यंत्रापाशी. यादीतली पहिली नोंद घेतली, तुरीची. पेपर शोधला, अथपासून इतिपर्यंत वाचला, आकृत्या तपासल्या, पीक तेच आहे ना ते दोनदा बघितलं. प्रयोग चोख होता. तुझा अंदाज बरोबर होता, निमे. अगदी जसंच्या तसं, तू लिहिलं होतंस तेच काम ते प्रोटीन करत होतं. मी नोंद बघून आलेली केली, खाली माझं नाव टाकलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं, मेघासमोर, हुंदके देऊन. सकाळी बसले होते आणि जेवणाच्या आधी झालं होतं. एवढंच काम होतं गं. मला नुसती हाक मारायची होतीस.